जाडी शाबूत, तरीही गळती : इन्सुलेशनखाली तडे गेलेल्या एका टाकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका रसायन कारखान्यातील उभ्या प्रक्रिया-टाकीचे आहे. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून ठिकाण, उत्पादन आणि संबंधितांची नावे वगळली आहेत. निर्णय कसे झाले हे समजण्यासाठी लागणारा तांत्रिक तपशील मात्र दिला आहे. टाकी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, सुमारे २ मीटर व्यासाची आणि ८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची होती. तिच्यात एक ज्वलनशील सेंद्रिय द्रावण ८० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि साधारण ३ बार दाबाला ठेवले जात असे. स्टेनलेस स्टीलच्या दृष्टीने हे द्रावण निरुपद्रवी होते. त्यात क्लोराइड नव्हते, आम्लता नगण्य होती आणि आतला पृष्ठभाग अनेक वर्षांच्या वापरानंतरही चकचकीत राहिला होता. उष्णता टिकून राहावी म्हणून टाकीभोवती खनिज लोकरीचे इन्सुलेशन आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे क्लॅडिंग होते.

दरवर्षी तपासणी विभाग क्लॅडिंगमधील ठरावीक झाकणे काढून त्याच त्या जागी अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजत असे. टाकी चौदा वर्षे वापरात होती आणि या सर्व काळात जाडी ७.९ ते ८ मिलिमीटरच्या मध्येच राहिली होती. धातू झिजत नाही, म्हणून टाकी निरोगी आहे, असा निष्कर्ष दर वर्षीच्या अहवालात नोंदवला जाई. कार्बन स्टीलच्या टाकीसाठी हा तर्क बऱ्याच अंशी चालतो, कारण तिथे गंज पत्रा खात जातो आणि ते मोजमापात दिसते. ३०४ सारख्या स्टीलच्या बाबतीत मात्र धातूचे वजन जवळजवळ न घटता त्यातून आरपार तडा जाऊ शकतो. जाडीचे मोजमाप अशा तड्याबद्दल काहीही सांगत नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका फरकात आहे.

समस्या कशी समोर आली

एका पाळीत ऑपरेटरला क्लॅडिंगच्या खालच्या सांध्यातून द्रावणाचे थेंब पडताना दिसले. त्या जागेच्या वर थर्मोवेलचे (तापमापक बसवण्याच्या नळीचे) नोझल, म्हणजे टाकीला जोडलेले नळीचे तोंड होते, त्यामुळे नोझलच्या फ्लँजचे, म्हणजे बोल्टने जोडायच्या कडेचे, गॅस्केट गळत असावे असा अंदाज सर्वांनी केला. बोल्ट आवळले गेले, थेंब थांबले आणि कामाची नोंद ‘गॅस्केट गळती, दुरुस्त’ अशी झाली. काही आठवड्यांनी थेंब पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात गळती थांबली होती ती बोल्ट आवळल्यामुळे नव्हे. द्रावण तड्याच्या तोंडाशी सुकून घट्ट झाले होते आणि त्याच काळात टाकी कमी दाबाला चालवली गेली होती, हे नंतर उलगडले. अरुंद तड्यांची गळती अशी अधूनमधून थांबते, आणि थांबली की आपण केलेला उपाय लागू पडला असे वाटते.

दुसऱ्या वेळी देखभाल विभागाने नोझलभोवतीचे क्लॅडिंग उघडले. वरच्या बाजूची लोकर कोरडी होती, परंतु नोझलच्या भोवतीची आणि त्याखालची लोकर पिळली तर पाणी निथळेल इतकी भिजलेली होती. पत्र्यावर तांबूस ओघळ आणि मध्ये मध्ये पांढरट क्षार साचलेले दिसत होते. फ्लँज मात्र पूर्ण कोरडे होते. म्हणजे गळती गॅस्केटची नव्हती. ती फ्लँजच्या आतल्या बाजूला, नोझल टाकीला जोडणाऱ्या वेल्डिंगच्या जवळून होत होती. नुसत्या डोळ्यांना तिथे एकही चीर दिसत नव्हती.

याच टप्प्यावर गळणाऱ्या जागी थंड पाण्याचा फवारा सोडून द्रावण पातळ करत राहावे, अशी सूचना आली. ती तिथेच नाकारली गेली आणि तसे करण्याला भक्कम आधार होता. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात १९७४ साली एका रिॲक्टरवर गळती विरळ करण्यासाठी पाणी सोडले जात होते; त्या पाण्यातील नायट्रेटमुळे रिॲक्टरच्या कार्बन स्टीलच्या कवचाला ताण-क्षरणाचा, म्हणजे ताण आणि रसायन यांच्या एकत्रित माऱ्याने जाणारा, तडा गेला. तो रिॲक्टर काढून त्याच्या जागी घाईने पर्यायी पाइप बसवण्यात आला. तड्याचे कारण निश्चित होण्याआधी आणि उरलेले रिॲक्टर न तपासता कारखाना पुन्हा सुरू झाला. पुढे १ जून १९७४ रोजी तो पाइप निकामी होऊन स्फोट झाला आणि २८ माणसे दगावली. गरम आणि ताणाखालील धातूवर पाणी सोडताना त्या पाण्यात काय विरघळलेले आहे हे आधी विचारले पाहिजे.

तडे शोधताना

टाकी थंड करून, रिकामी करून आणि आतली वाफ निघून गेल्याची खात्री करून नोझलभोवती डाय पेनिट्रंट चाचणी घेण्यात आली. ही चाचणी साधी आहे. स्वच्छ पृष्ठभागावर लाल द्रव लावतात, तो सूक्ष्म फटींत शिरेपर्यंत थांबतात, वरचा द्रव पुसून काढतात आणि पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर देतात. फटीत अडकलेला लाल द्रव मग बाहेर पाझरून पांढऱ्यावर रेघ उमटवतो. पहिल्या चाचणीत वेल्डिंगच्या कडेला जेमतेम बोटभर लांबीची एकच रेघ उमटली. उत्पादन विभागाने सुटकेचा निःश्वास सोडला, कारण एक रेघ म्हणजे एक दुरुस्ती.

तपासणी अभियंत्याला मात्र पृष्ठभागाची चमक खटकली. चाचणीआधी गंजाचे डाग काढण्यासाठी त्या जागी पॉवर ब्रश आणि ग्राइंडर फिरवला होता. स्टेनलेस स्टील मऊ आणि चिवट असते; ग्राइंडरखाली त्याचा वरचा पातळ थर पसरतो आणि केसाएवढ्या फटींची तोंडे त्याखाली लिंपली जातात. म्हणून तीच जागा पिकलिंग पेस्टने, म्हणजे वरचा थर विरघळवणाऱ्या आम्लाच्या लेपाने, हलकेच साफ करून, क्लोराइडविरहित पाण्याने धुऊन आणि पूर्ण वाळवून चाचणी पुन्हा घेतली. डेव्हलपर वाळू लागताच आधीच्या एका रेघेच्या दोन्ही बाजूंना नव्या रेघा उमटत गेल्या, प्रत्येकीला झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले होते. काही वेल्डिंगला समांतर होत्या, तर काही त्याला काटकोनात. टाकीच्या आतून पाहिले असता त्याच ठिकाणी फक्त एक लहानशी रेघ मिळाली. बाहेरचे जाळे मोठे आणि आतली खूण छोटी, यावरून तडे बाहेरून आत गेले आहेत हे जवळजवळ निश्चित झाले.

कारणाचा शोध

तोपर्यंत चार शक्यता चर्चेत होत्या: वेल्डिंगमधील जुना दोष, जोडलेल्या पाइपच्या कंपनाने आलेला फटिग, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराने धातूला येणारा थकवा, वेल्डिंगच्या उष्णतेने धातूतील सूक्ष्म स्फटिक-कणांच्या सीमा कमकुवत होऊन झालेले आंतरकणीय क्षरण, आणि क्लोराइडमुळे होणारे स्ट्रेस करोजन क्रॅकिंग, म्हणजेच ताण-क्षरण. यांतून निवड करण्यासाठी तड्याचा नमुना हवा होता. नोझलजवळचा एक छोटा तुकडा थंड पद्धतीने कापून घेतला, घासून आरशासारखा केला, विद्युत-रासायनिक पद्धतीने त्यातील कण उठवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तडे कणांच्या सीमा धरून न जाता कणांच्या आरपार गेलेले होते आणि त्यांना पुन:पुन्हा फाटे फुटले होते. फटिगचा तडा सहसा एकाच रेषेत, फारसे फाटे न फोडता जातो. आंतरकणीय क्षरण कणांच्या कडांनी वळणे घेत जाते. कणांच्या आरपार जाणारे, फाटे फुटलेले आणि बाहेरच्या पृष्ठभागावरील बारीक खड्ड्यांतून निघालेले तडे ही क्लोराइडजन्य ताण-क्षरणाची खूण आहे. तड्यांमध्ये अडकलेल्या क्षाराच्या विश्लेषणात क्लोरीन सापडल्यावर शंकेला जागा उरली नाही.

हे तडे जाण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात आणि तीनपैकी एक काढली तर प्रक्रिया थांबते. पहिली, या प्रकारच्या माऱ्याला बळी पडणारा धातू. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्क्यांच्या वर निकेल असते. निकेलचे प्रमाण ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असताना स्टेनलेस स्टील क्लोराइडच्या ताण-क्षरणाला सर्वाधिक बळी पडते. ते बरेच वाढवले, किंवा उलट फारच कमी केले, तर प्रतिकार वाढतो. सर्वांत जास्त वापरले जाणारे स्टेनलेस स्टील नेमके त्या नाजूक पट्ट्यात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ताण, आणि तोही ओढणारा. टाकीतील ३ बार दाबाने पत्र्यावर येणारा ताण साध्या सूत्राने काढला तर तो ४० मेगापास्कलच्याही खाली येतो, आणि ३०४ चा किमान यील्ड ताण, म्हणजे ज्यापुढे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, २०५ मेगापास्कल असतो. आकडेमोड इथेच थांबवली तर टाकी अतिशय सुरक्षित वाटते. परंतु वेल्डिंग थंड होताना आकुंचन पावते, भोवतालचा पत्रा त्याला आकुंचन पावू देत नाही, आणि त्या ओढाताणीत अडकून राहिलेला अवशिष्ट ताण यील्डच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. टाकीत दाब असो वा नसो, तो तिथे दिवसरात्र असतो. तडे नोझलच्या आणि कंसांच्या (ब्रॅकेटच्या) वेल्डिंगभोवतीच का होते, याचे उत्तर यात आहे.

तिसरी गोष्ट क्लोराइडचे पाणी, आणि ते आले कुठून हा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खाणारा ठरला. लोकरीचे नमुने वेगवेगळ्या उंचींवरून आणि चारही बाजूंनी घेऊन पाण्यात भिजवून तपासले. कोऱ्या लोकरीत क्लोराइड अत्यल्प होते, त्यामुळे इन्सुलेशन पुरवठादार दोषमुक्त झाला. वापरातल्या लोकरीत ते सर्वाधिक होते ते नोझलच्या बाजूला आणि आधार-कड्याच्या वर. त्या बाजूच्या क्लॅडिंगवर, नंतर जोडलेल्या प्रेशर गेजच्या नळीसाठी, हाताच्या पंजाएवढे चौकोनी भोक कापलेले होते आणि ते कधीच सील केलेले नव्हते. वरच्या मजल्याची जाळीदार फरशी दर पाळीत होजने धुतली जाई आणि ते पाणी जाळीतून थेट त्या भोकावर पडत असे. धुण्याच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण फार नव्हते. तेच पाणी पिण्याच्या दर्जाचे मानले जाई. पण ८० अंशांच्या पत्र्याला लागलेले पाणी आटते, क्षार मागे राहतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा पाणी येते आणि पुन्हा आटते. अशा रीतीने लिटरमागे काही मिलिग्रॅम असलेले क्लोराइड पत्र्यालगतच्या पातळ थरात संहत द्रावण बनते.

त्यानंतरची प्रक्रिया सूक्ष्म पातळीवर घडते. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर केवळ काही नॅनोमीटर जाड असतो. क्लोराइड तो एखाद्या बिंदूवर फोडते आणि खड्डा पडतो. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, धातूचे स्तर किंचित सरकतात, थर पुन्हा तुटतो, उघडा पडलेला धातू विरघळतो, थर पुन्हा बनू पाहतो आणि ताण तो पुन्हा तोडतो. तड्याच्या दोन्ही भिंती सुरक्षित राहतात. विरघळते ते फक्त टोक. म्हणूनच जाडी घटत नाही.

शेजारीच पडताळणीची सोय होती. त्याच स्टीलची आणि त्याच वयाची दुसरी टाकी ४० अंशांना चालत होती. तिचे इन्सुलेशनही भिजलेले होते, पत्र्यावर गंजाचे डाग आणि बारीक खड्डे होते, पण तडा एकही नव्हता. सतत १८० अंशांच्या वर चालणारा एक पाइपही कोरडा आणि शाबूत निघाला, कारण तिथे पाणी पत्र्यापर्यंत टिकतच नव्हते. साधारण ६० ते १७५ अंशांमधला पट्टा इन्सुलेशनखालच्या स्टेनलेस स्टीलसाठी धोक्याचा मानतात. पाणी टिकण्याइतका थंड आणि प्रक्रिया वेगाने चालण्याइतका गरम, असा तो पट्टा आहे, आणि आपली टाकी त्याच्या आत होती.

पर्याय आणि त्यांवरची चर्चा

पहिला पर्याय उत्पादन विभागाचा होता: तडे ग्राइंड करून काढावेत, तिथेच वेल्डिंग करावे आणि टाकी पुन्हा सुरू करावी. हा पर्याय स्वस्त होता आणि पहिल्या चाचणीनंतर तोच जवळजवळ ठरला होता. दुसऱ्या चाचणीने तो मागे पडला. ताण-क्षरणाचे तडे फाटे फोडत जात असल्याने ग्राइंडिंगने दिसणारा तडा संपला तरी त्याचे फाटे खाली उरतात. वेल्डिंगची उष्णता त्यांना उघडते आणि आकुंचन पावणारे वेल्डिंग त्यांना पुढे ढकलते. शिवाय प्रत्येक दुरुस्ती नवा अवशिष्ट ताण पेरते, आणि मूळ आजारच ताणाचा आहे. उष्णतेने हा ताण घालवावा म्हटले तर ३०४ साठी त्याला ९०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. ते उभ्या टाकीवर जागेवर साधणे व्यवहार्य नव्हते.

दुसरा पर्याय, बाहेरून क्लॅम्प किंवा काँपोझिट गुंडाळी लावणे, हा थोडक्यात बाजूला पडला, कारण त्यामुळे तडा झाकला जातो, थांबत नाही, आणि पुढची तपासणी अशक्य होते.

तिसऱ्या पर्यायावर खरा वाद झाला. टाकी ५० अंशांच्या खाली चालवून नियोजित शटडाऊनपर्यंत काढावी, असे त्याच्या बाजूने म्हणणे होते, आणि शेजारच्या ४० अंशांच्या टाकीचा दाखला दिला जात होता. त्यात तथ्य होते. ३०४ चे ताण-क्षरण बहुतांशी ६० अंशांच्या वर दिसते, हा अनुभव व्यापक आहे. पण हा आकडा भिंत नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जणांचा मृत्यू झाला, आणि ते छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळयांवर टांगले होते त्यांना क्लोराइडजन्य ताण-क्षरणानेच तडे गेले होते. तिथे तापमान बंदिस्त तलावगृहाच्या हवेइतकेच होते. शिवाय, न तडकलेली टाकी थंड ठेवणे आणि आधीच तडकलेली टाकी थंड करून चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तड्याची वाढ किती वेगाने होईल याचा भरवशाचा आकडा हाती नसताना उरलेल्या आयुष्याचा हिशेब करणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा पोशाख चढवणे झाले असते. आतले द्रावण ज्वलनशील होते, हेही विसरता येत नव्हते.

चौथा पर्याय, बाधित भाग कापून काढून त्या जागी नवा तुकडा बसवणे. पाचवा, पूर्ण टाकी बदलणे. पाचवा पर्याय दीर्घकालीन उत्तर होते, पण नवी टाकी बनून यायला काही महिने लागणार होते. शेवटी असे ठरले की टाकी लगेच वापरातून काढावी, उत्पादन शेजारच्या लहान टाकीतून कमी क्षमतेने चालवावे, चौथ्या पर्यायाने दुरुस्ती करून टाकी मर्यादित काळासाठी परत आणावी आणि नवी टाकी आताच मागवावी.

त्याआधी आणखी एक निर्णय घ्यावा लागला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा तोच होता. इन्सुलेशन किती काढायचे? व्यवस्थापनाला नोझलभोवतीचा एक मीटर पुरेसा वाटत होता. तपासणी विभागाने टाकी पूर्ण उघडी करण्याचा आग्रह धरला. कारण जिथे पहिली गळती दिसली तिथे सर्वांत वाईट तडा असेलच असे नाही. तिथे फक्त तो सर्वांत आधी आरपार गेला. आग्रह मान्य झाला. वेल्डिंगने जोडलेल्या आधार-कड्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे निथळलेले पाणी अडून राहत होते, तिथे तड्यांची दुसरी रांग सापडली. एकही आरपार गेलेला नव्हता.

केलेली कारवाई

नोझलसह पत्र्याचा तुकडा गोलाकार कोपरे ठेवून कापण्यात आला. शेवटच्या दिसलेल्या रेघेपासून भरपूर अंतर सोडून कापण्याची रेषा आखली होती, तरीही कापलेल्या कडेवर पेनिट्रंट लावल्यावर एका बाजूला पत्र्याच्या जाडीत अर्ध्यावर एक बारीक रेघ निघाली. रेषा आणखी बाहेर सरकवली गेली. कडा पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत नवा तुकडा बसवायचा नाही, हा नियम कामाच्या परवान्यातच लिहिलेला होता, त्यामुळे घाईच्या क्षणी त्यावर वाद झाला नाही. आधार-कडेही कापून काढले आणि त्याखालचा पत्रा त्याच रीतीने बदलला.

वेल्डिंग कमी उष्णतेने, ३०८एल फिलर (सांध्यात वितळवून भरायचा धातू) वापरून केले. पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी क्षारमुक्त पाणी वापरले आणि चाचणी संपताच टाकी रिकामी करून वाळवली, कारण चाचणीचे साचून राहिलेले पाणीच पुढच्या तड्याचे बीज ठरल्याची उदाहरणे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. बाहेरचा पृष्ठभाग धुऊन, त्यावर क्लोराइड उरले नाही याची तपासणी करून, गरम पत्र्याला चालणारे इपॉक्सी फिनॉलिक लेपन दिले. लेपनात जस्त नसावे ही अट मुद्दाम घातली; आग लागल्यास वितळलेले जस्त स्टेनलेस स्टीलला वेगळ्याच प्रकारे तडकवते. ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळण्याचाही विचार झाला होता. फॉइल पाणी अडवते आणि ओलाव्यात स्वतः झिजून स्टीलला विद्युत-रासायनिक संरक्षण देते, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु नोझलांच्या गर्दीत ती नीट बसणार नाही म्हणून इथे लेपनाला पसंती मिळाली.

इन्सुलेशन सरसकट परत चढवले नाही. टाकीच्या वरच्या भागात ते उष्णता टिकवण्यासाठी गरजेचे नव्हते, फक्त माणसांचे हात भाजू नयेत म्हणून होते. तिथे जाळीचा कठडा लावला. उघडा पत्रा भिजला तरी लवकर वाळतो आणि दिसत राहतो. बाकीच्या भागात क्लॅडिंगचे सांधे पाणी बाहेर निथळेल अशा दिशेने घेतले, प्रत्येक नोझलला कॉलर बसवली आणि वरच्या मजल्याच्या धुण्याचे पाणी पन्हाळीने दुसरीकडे वळवले.

निष्पत्ती

दुरुस्त केलेली टाकी नवी येईपर्यंत गळतीशिवाय चालली. मधल्या तपासणीत बदललेले तुकडे स्वच्छ होते. मात्र जुन्या पत्र्यावर, नावाची पाटी धरणाऱ्या कंसाच्या वेल्डिंगजवळ, आधीच्या चाचणीत कोरी दिसलेल्या जागी दोन लहान रेघा आढळल्या. तडा उगवायला लागणारा काळ संपायच्या बेतात असताना आधीची चाचणी झाली होती, किंवा रेघा तेव्हा पेनिट्रंटला पकडता येण्याइतक्या रुंद नव्हत्या. नवी टाकी मागवण्याचा खर्च अनावश्यक होता असे म्हणणाऱ्यांचा विरोध त्यानंतर मावळला.

नवी टाकी २२०५ डुप्लेक्स, म्हणजे दोन प्रकारच्या स्फटिक-रचना असलेल्या, स्टेनलेस स्टीलची आहे. त्यात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल आणि ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि ८५ अंशांच्या या वापराला ते ३०४ पेक्षा खूपच भरवशाचे आहे. ते अभेद्य नाही, म्हणून तिलाही लेपन दिले आहे.

काढून टाकलेली टाकी भंगारात जाण्याआधी तिचे काही भाग कापून पाहिले, आणि या पाहणीने बरेच शिकवले. पृष्ठभागावर नखाएवढ्या दिसणाऱ्या दोन रेघा जाडीच्या निम्म्याहून खोल गेलेल्या होत्या, तर हातभर लांब दिसणारी एक रेघ उथळ होती. रेघेची लांबी पाहून खोलीचा अंदाज बांधता येत नाही, हे तिथे समोर दिसत होते. एका दुसऱ्या नोझलच्या मजबुतीसाठी लावलेल्या पॅडखाली, जिथे पेनिट्रंट पोहोचूच शकत नव्हता, तिथेही तडे निघाले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या थेंबाच्या वेळी बोल्ट आवळण्याआधी क्लॅडिंग उघडले असते तर काही आठवडे वाचले असते, आणि त्या आठवड्यांत ज्वलनशील द्रावण गरम लोकरीत मुरत राहिले नसते. द्रावणाने भिजलेली लोकर स्वतःहून पेट घेऊ शकते. तसे घडले नाही हे नशीब. फ्लँज खरोखर ओले आहे का, एवढे पाहायला फार वेळ लागत नाही.

पुरावा जपण्यात कसूर राहिली. पहिल्यांदा काढलेली भिजलेली लोकर कचऱ्यात गेली आणि क्षाराचे ओघळ ब्रशने घासले गेले, त्यामुळे क्लोराइडचा स्रोत शोधायला उरलेल्या नमुन्यांवर विसंबावे लागले. छायाचित्र, लोकरीचा नमुना आणि क्षाराचा नमुना हे तिन्ही घेतल्याशिवाय पृष्ठभागाला हात लावायचा नाही, अशी साधी सूचना आता देखभाल विभागाच्या कामाच्या पत्रकात आहे.

तपासणीच्या जागा झीज डोळ्यांसमोर ठेवून निवडल्या होत्या: मोकळा, सपाट पत्रा, जिथे यंत्र नीट टेकते. ताण-क्षरणाचा विचार केला असता तर जागा वेल्डिंगच्या कडेला, कंसांजवळ आणि पाणी अडणाऱ्या कड्यांवर निवडल्या गेल्या असत्या, आणि साधन जाडी मोजणारे नसून पेनिट्रंट किंवा एडी करंट (पृष्ठभागाजवळचे तडे शोधणारी विद्युत-चुंबकीय चाचणी) असते. चौदा वर्षांचे अचूक आकडे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत राहिले.

प्रेशर गेजसाठी भोक कापले गेले त्या बदलाची नोंद कुठेही नव्हती. नळी जोडण्याचे काम बदल-व्यवस्थापनाच्या प्रक्रियेतून गेले होते. क्लॅडिंग कापणे हे त्यातले किरकोळ काम समजले गेले. कारखान्याने आता क्लॅडिंगला छेद देणारे प्रत्येक काम तपासणी विभागाच्या सहीशिवाय बंद होणार नाही असे ठरवले आहे. त्याच रचनेच्या इतर टाक्यांवरील पॅडखालचा भाग तपासण्याचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. आतल्या बाजूने फेज्ड ॲरे अल्ट्रासोनिक, म्हणजे अनेक कोनांतून ध्वनिलहरी सोडणारे यंत्र, वापरून पाहिले आहे आणि ते सपाट भागात चांगले चालते. पण नोझलच्या वळणापाशी वेल्डिंगचे जाड कण ध्वनिलहरी विखुरतात आणि उथळ तडे त्या गोंधळात हरवतात. ६० अंशांच्या वर चालणाऱ्या टाक्यांवरील असे पॅड पुढील शटडाऊनमध्ये काढून, नोझल जाड पत्र्याच्या तुकड्यात बसवण्याचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले आहे.